रूथबाईंची शनिवारची आपत्ती

पाथर्डीला पूर येईल अशी धास्ती उभ्या तालुक्यात एकाच व्यक्तीला होती. ती म्हणजे मुलींच्या शाळेच्या रूथबाई. आमच्याकडे नदी आहे, पण तिच्या पात्रात वर्षातले बरेच महिने लोक गुरं बांधतात. मी मुलांच्या शाळेवर बदलून आलो तेव्हा लढाई चालू होती. आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी पाहिलं, तर शाळेतल्या झाडून साऱ्या मुली डोक्यावर दप्तरं धरून, परकर गुडघ्यापर्यंत खोचून टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढत होत्या. खाली एक उंच, वाळकी बाई शिट्टी फुंकून सांगत होती, "पाणी कमरेला लागलं. धाकटीचा हात सोडायचा नाही." धूळ इतकी उडाली होती की मागच्या मुली दिसतच नव्हत्या.

हे काय चाललंय, असं मी शेजारच्या वाण्याला विचारलं. तो तराजूवरची नजर न काढता म्हणाला, "आज पूर हाय. मागल्या शनवारी आग हुती."

दर शनिवारी एक आपत्ती, असा बाईंचा शिरस्ता होता. आग, पूर, पटकी, भूकंप. लढाईमुळे त्यात बॉम्बची भर पडली होती. बॉम्बच्या शनिवारी मुली कानात बोटं घालून निंबाखाली पालथ्या पडत. जपान्यांनी पाथर्डीवर बॉम्ब टाकावा असं इथे काय आहे, असं मामलेदारसाहेबांनी एकदा त्यांना विचारलं होतं. बाईंनी आपलं नेहमीचंच उत्तर दिलं, "आणि आलं तर?"

हे त्यांचं पालुपद. आपल्याकडे तसलं काही येत नाही असं कुणी म्हटलं की त्या मान जराशी तिरकी करून म्हणत, "आणि आलं तर?" पुढे वाद घालणं कुणाला जमत नसे. गावात त्यांना रुतबाई म्हणत. उच्चार सोपा म्हणून म्हणत की त्या रुतायच्या म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती. त्यांच्या खोलीत बसायला जागा नव्हती. भिंतीला लावून पत्र्याचे डबे, त्यांत सातूचं पीठ आणि गूळ. उरलेल्या जागेत गोणपाटाची पोती, त्यांत जुन्या लुगड्यांची शिवलेली झबली. बाई त्याच पोत्यांवर झोपत. सगळी झबली एकाच मापाची होती. लहान मूल वाढतं आणि मोठं मूल उपासमारीनं वाळतं, तेव्हा मधलं माप कुणालातरी होतंच, असा त्यांचा हिशेब. सातू जुना झाला की शाळेतल्या मुलींना खाऊ घालून त्या नवा दळून आणत. जुना सातू खाण्याचा दिवस मुली ओळखून होत्या. त्या दिवशी हजेरी कमी असे.

बाजारात दिसेल त्या पोराला अडवून बाई तीन प्रश्न विचारत. नाव काय, बापाचं नाव काय, गाव कुठलं. पाथर्डीत राहणाऱ्या पोराला पाथर्डीच्याच बाजारात गाव विचारायचं कारण काय, हे पोरांना समजत नसे. ती पळत सुटत. बाई मागे लागत आणि उत्तर घेऊनच परतत.

त्याचं कारण मात्र लपलेलं नव्हतं. शतक सरतानाच्या त्या मोठ्या दुष्काळात बाई रस्त्याच्या कडेला सापडल्या होत्या. नगरच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या. वय अंदाजानं धरलेलं आणि नाव तिथे ठेवलेलं. हे सगळं त्या हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत. मला एकदा म्हणाल्या, "घरच्यांनी माझ्याकडून गावाचं नाव पाठ करून घेतलं असतं तर एवढा घोळ झाला नसता. चुकलंच त्यांचं." आणि माझ्या पुढ्यात जुना सातू ठेवला.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाथर्डीपासून हद्द जवळ आणि हद्दीपलीकडे निजामाचं राज्य, म्हणजे आमच्या बोलीत मोगलाई. तिकडे जाळपोळ, लुटालूट सुरू झाली होती. एका सकाळी हद्दीकडून गाड्या यायला लागल्या. आधी दहा-पाच आल्या, मग रस्ता दिसेना. बायका, म्हातारी माणसं, कोंबड्यांची खुराडी आणि मुलं. पुष्कळशी मुलं भलत्याच गाडीत बसलेली होती. पळताना जी गाडी पुढ्यात आली तिच्यात ज्याला त्याला घातलेलं.

बाई मागण्या घेऊन येत म्हणून मामलेदारसाहेब कचेरीच्या मागच्या दारानं निघून जात. पुढे बाई मागच्याच दारापाशी बसू लागल्या होत्या. त्या दिवशी साहेब स्वतः चालत आमच्या आळीत आले. बाईंच्या दारात उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, आलं."

बाईंच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसला नाही. त्यांनी विचारलं की यात किती मुलं कमरेच्या खालच्या उंचीची आहेत. साहेबांना ते माहीत नव्हतं. मग मुलांच्या शाळेची इमारत, तिच्यामागची आमराई, पाणी आणायला एक मोटार आणि मी, एवढं त्यांनी तळासाठी मागून घेतलं. मला कुणी विचारलं नाही.

मला मागण्यात त्यांचा हेतू होता. आलेल्यांत साऱ्या जातींची माणसं होती, आणि बाईंच्या हातचं त्यातली निम्मी खाणार नाहीत हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. "तुमच्या हातचं सगळे खातील मास्तर," त्या म्हणाल्या. "चव कशीही असली तरी." मी तोपर्यंत पाणीसुद्धा उकळलेलं नव्हतं. बाई चुलीपासून चार हात लांब उभ्या राहून हातातल्या काठीनं हवेत ढवळून दाखवत, आणि मी पिठलं ढवळत असे. सारे मुकाट्यानं खात. एका म्हातारीनं मात्र दुसऱ्या दिवशी बाईंपाशी जाऊन सांगितलं, की बामणाच्या हातचं खाऊन पुण्य लागतं हे खरं, पण पोटात दुखतं. हे बाईंनी मला जसंच्या तसं कळवलं.

पाण्याची मोटार हुसेनभाईंची. ते नगर-पाथर्डी सर्व्हिस चालवत. मोठे धिप्पाड गृहस्थ, छातीभर दाढी. पहिल्या दिवशी ते पिंपं उतरवायला लागले तर बायकांनी मुलं पोटाशी धरली. काय पाहून आल्या होत्या त्यांचं त्यांना ठाऊक. हुसेनभाई मागे सरले आणि मोटारीला टेकून जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी आपल्या शाळेच्या मुलींना बोलावून मोटारीवर चढवलं आणि हॉर्न वाजवायला सांगितलं. दोन-चार दिवसांत आलेली मुलंही चढू लागली, आणि मग हुसेनभाईंची तक्रार आली, की हॉर्नचा रबरी फुगा फाटला.

कुठलं मूल कुठल्या गावचं, हे कळावं म्हणून बाईंनी लुगड्यांचे काठ फाडले आणि गावागावाचा रंग ठरवून मुलांच्या मनगटाला चिंध्या बांधल्या. एका गावच्या पाटलांना आपल्याला जांभळा रंग आल्याचं आवडलं नाही. शेजारच्या गावाला जरीचा काठ मिळाला होता. पाटलांचं घर जळालं होतं, बैल गेले होते, पण जांभळ्या रंगावरून ते दुपारभर भांडले. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाल्या की त्यांना भांडायला काहीतरी हवंच होतं, रंगाचं बरं. पटकीची सुई टोचायची वेळ आली तेव्हा मुलांना धीर यावा म्हणून बाईंनी सर्वांसमोर पहिली सुई स्वतःला टोचून घेतली आणि त्या घेरी येऊन पडल्या. मुलं पांगली. ती गोळा करण्यात संध्याकाळ झाली.

अशात चिमी आली. चारेक वर्षांची असेल. वाटेत एकटी उभी दिसली म्हणून एका कुटुंबानं तिला गाडीत घेतलं होतं. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि त्यांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "चिमी." बापाचं नाव विचारलं. म्हणाली, "दादा." गाव विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं, "आमचं."

बाईंनी चिंध्यांच्या टोपलीत हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला.

बाईंनी तिला आपल्या खोलीत, पोत्यांवर झोपायला नेलं. रोज थोडं थोडं विचारत. तुमच्या घरी काय आहे? शेळी. शेळीचं नाव? शेळी. असे कित्येक दिवस गेले. मग एकदा चिमी शाळेच्या भिंतीवरच्या मारुतीच्या चित्राकडे बघून म्हणाली, "ह्याला मिशा न्हाईत. आमच्या मारुतीला हायेत."

तेव्हापासून हद्दीवरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून बाई आणि मी विचारू लागलो, "तुमच्या मारुतीला मिशा आहेत का?" घरदार सोडून आलेल्या माणसाला हा प्रश्न कसा वाटत असेल, ते मी समजू शकतो. कुणाला ती थट्टा वाटली, कुणी रागावलं. एकजण म्हणाला, मारुतीला न्हाईत पण आमच्या तलाठ्याला हायेत. बाईंनी चौकशी सोडली नाही.

चिमी बाईंच्या पदराला धरून तळभर फिरे. त्यांना ती रुत म्हणे, बाई लावत नसे. जेवायची बाईंच्याच हातून. मी पुढे केलेला घास ती हुंगून परत करी. संध्याकाळी बाई तिची वेणी घालत आणि तेवढा वेळ तळावर कुणाला हाक मारत नसत. असा महिना लोटला असेल. एका दुपारी हद्दीकडून एक गाडी आली. बाईंनी मुलं मोजली, पाणी दिलं, चिंध्या बांधल्या, आणि त्या वळून चालू लागल्या. मारुतीचं त्यांनी विचारलंच नाही. मी थोडा वेळ थांबलो. मग मीच विचारलं.

गाडीत एक म्हातारा होता. तो म्हणाला, "व्हय. हायेत की. रंगवनाऱ्यानं काढल्या, तवापासून लई भांडनं झाली गावात."

मी जाऊन बाईंना सांगितलं. त्यांच्या हातात चिमीची अर्धी वेणी होती. त्यांनी ती पुरी घातली, गाठ मारली आणि म्हणाल्या, "बरं झालं. हुसेनभाईंना बोलवा." त्या गावची बरीच माणसं हद्दीवरच्याच दुसऱ्या तळावर गेली आहेत, असं म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. बाईंनी त्याच दिवशी मोटार तिकडे धाडली.

दोन दिवसांनी हुसेनभाई एका माणसाला घेऊन आले. तिशीतला गडी, एक पाय फडक्यात गुंडाळलेला, डोळे खोल गेलेले. चिमीनं त्याला लांबूनच पाहिलं. ती धावली नाही. चालत गेली, त्याच्या धोतराचा सोगा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तू कुठं गेल्ता?" तो मटकन खाली बसला आणि तिच्या पोटात डोकं घालून रडला. हुसेनभाई मोटारीचं चाक तपासू लागले. चाकाला काही झालेलं नव्हतं.

बाई मात्र कोरड्या आवाजात विचारपूस करत होत्या. नाव, गाव, मारुती. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. मारुतीच्या मिशा डावीकडे जरा आखूड आहेत, हेही सांगितलं. बायको तिकडच्या तळावर तापानं पडून होती. पळापळीत पोर गाडीतून उतरली ते कुणाला कळलं नव्हतं. तेव्हापासून तो तळ धुंडाळत होता, विहिरींवर थांबत होता, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता. मधे पाय कापला तरी तो थांबला नव्हता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि सापडली नसती तर? किती दिवस शोधणार होतात?"

त्या माणसाला प्रश्न समजला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं. "किती दिवस म्हंजी?" तो म्हणाला. "घावस्तवर."

बाईंनी मान हलवली. चिमीला दोन झबली आणि सातूची पुरचुंडी दिली. मोटार निघाली तेव्हा चिमी बापाच्या मांडीवर बसून हॉर्नकडे हात करत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्या वयाची मुलं पाहत नाहीत.

धूळ खाली बसली तरी बाई रस्त्याकडे तोंड करून उभ्याच होत्या. मग शाळेच्या पायरीवर बसल्या. मीही बसलो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मास्तर, मी आजवर धरून चालले होते, की मला टाकून गेले."

मी म्हणालो की शोधलंच असणार त्यांनी.

"तुम्हाला काय माहीत," बाई म्हणाल्या. आमराईत मुलं ओरडत होती, चूल थंड पडली होती, आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही. "पण असेल," त्या हळूच म्हणाल्या. "शोधलं असेल."

त्या दिवशी मुलांना संध्याकाळचं जेवण उशिरा मिळालं. आमच्या तळावर तसं तेवढं एकदाच झालं.