उंबरटेकचे एकुलते एक मत

राज्य कुणाचेही असो, प्रतिनिधी निवडून दिल्यावाचून रयतेला आपल्याला काय हवे आहे हे कळत नाही. पश्चिम खानदेशातल्या उंबरटेकला ते तेवीस साली कळले. त्या काळी ठराविक सारा भरणाऱ्यालाच मत असे (बाकीच्यांसाठी साराच विचार करतो, अशी सरकारची समजूत होती). उंबरटेकमध्ये एवढ्या साऱ्याचे एकच खाते निघाले, ते भागाबाईचे. नवरा वारल्यावर जमीन तिच्या नावावर चढली होती, आणि बायकांनाही मत असावे असे कौन्सिलाने नुकतेच ठरवले होते.

धुळ्याचे एक वकील उमेदवार म्हणून आले आणि चुडामण पाटलांना म्हणाले, मतदारांना बोलवा. पाटील म्हणाले, मतदार गोठ्यामागे गोवऱ्या थापताहेत.

भागाबाईने हात धुतले, साहेबांना ओट्यावर बसवून ताक दिले. साहेब स्वराज्यावर पुष्कळ बोलले. तिने सगळे ऐकून घेतले. पावसाळ्यात नाला भरला, की अडलेली बाई पलीकडच्या दवाखान्यात नेता येत नसे. भागाबाईची धाकटी जाऊ त्याच काठावर गेली होती.

"साहेब, मत काय पळी जास का?" ती म्हणाली. "पहिले नालावर फरशी टाका."

वकिलांनी अलीकडच्या काठावरून फरशीपुलाचे काम सुरू केले. ही बातमी विरुद्ध उमेदवार ज्ञानचंदशेठ जिनवाले यांना लागली. त्यांनी पलीकडच्या काठावर दगडांच्या गाड्या उतरवल्या. दोन्हीकडून काम जोरात चालले आणि मध्ये गाठ पडली तेव्हा वीतभर पायरी राहिली. गाड्या तिथे दणका खात, पण कोरड्या जात. निवडून तिसराच आला. तो उंबरटेकला कधी फिरकला नाही (फरशी झाल्याचे त्याला कुणी कळवले नसावे).

पुढच्या खेपेला विहीर झाली. ती कुठे असावी यावर आख्खे गाव ओट्यावर बसून भांडले. भागाबाईने ती गावकुसाबाहेर, गावच्या पाणवठ्याला ज्याला शिवू देत नसत त्या पुनाच्या वस्तीत मागितली. मत तिचे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्यापुढे शाळेवर कौले चढली. भागाबाईला शिंक आली तरी चार घरचा काढा येई. प्रतिनिधीची अशी बडदास्त ठेवल्याचे ऐकिवात आहे, मतदाराची नाही.

कष्टी होते ते फक्त पाटील. त्यांचा सारा मतासाठी थोडासा कमी पडे. आपला सारा वाढवावा असा अर्ज करणारे ते खानदेशातले पहिले शेतकरी असावेत.

सदतीस साली अट सैल झाली आणि गावात दोन-तीन कोडी मतदार निघाले. पाटलांनी गूळ वाटला. नवे उमेदवार मोटारीने आले, वेशीतच थांबले, इंजिन चालू ठेवून बंधुभगिनींना हात जोडले. गावात दवाखाना हवा, असे पाटील म्हणाले. अवश्य, असे म्हणून उमेदवार पुढच्या गावी गेले.

पाटील ओट्यावर आले. "अक्का, आते आपन इतला मतदार शेतस, तरी कोनी इचारत नही."

"बठ्ठा एकच तोंडे बोला," ती म्हणाली. "पहिले दवाखाना, मंग मत."

गावाने ग्रामदेवतेपुढे तशी शपथ घेतली. मतदानाच्या सकाळी उमेदवाराची मोटार पुन्हा आली. मतदारांना तालुक्याला नेण्याची व्यवस्था होती. उंबरटेकमधले कुणीही तोवर मोटारीत बसलेले नव्हते. नकार द्यायला पाटील पुढे झाले, आणि नकार नीट समजावून सांगता यावा म्हणून आत बसले. त्यांना बाहेर काढायला गेले तेही बसले. काही मागे लोंबकळले. भागाबाई ओट्यावरून बघत होती. मग तिने पदर खोचला, धावत गेली आणि पाटलांना उठवून पुढची जागा घेतली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच मत फुकट दिले, आणि परत येईपर्यंत ती हसत होती.

दवाखान्याचा विचार सुरू असल्याचे सत्तेचाळीसपर्यंत कळत होते. त्या साली स्वराज्य आले. आता पुनासकट देशातल्या सगळ्या सज्ञान माणसांना मत मिळणार, ही वार्ता पाटलांनी म्हाताऱ्या भागाबाईला ओट्यावर येऊन सांगितली. तिने बोटांवर हिशेब करून पाहिला.

"इतली मोटरी कोठेन लई येतीन?"

वाचकहो, ही काळजी तिने उगाच केली. मोटारींची गरजच पडली नाही. आपण पायीच जातो, उन्हात रांग लावतो आणि बोटावरची शाई एकमेकांना दाखवत घरी येतो.