अपूर्वाच्या अमूर्त चित्राची चोरी

सांगलीपासून पलूसपर्यंत आपल्याइतकं तल्लख डोकं दुसरं नाही, याबद्दल निवृत्त सुभेदार नाथाजी सूर्यवंशी यांची पक्की खात्री होती. लष्कराच्या भांडारात अठ्ठावीस वर्षं त्यांनी कांबळी सांभाळली आणि त्यांतलं एकही पळून गेलं नाही. घरावर पाटी होती : 'नाथाजी सूर्यवंशी, गुप्तहेर'. कुणी चुकू नये म्हणून खाली मोठा बाण.

शेजारच्या अपूर्वाने हाक मारली, तसे ते पत्नी चंद्राबाईंसह हजर झाले. उद्या तिच्या दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन. भिंतीसाठी तिने एका अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्राची, संग्रहालयात शोभेल अशी प्रत मागवली होती. शंभर वर्षं रंग उडणार नाही असा जाड सुती कागद. आज पुठ्ठ्याची लांब नळी आली. दोन्ही टोपणं काढून पाहिलं, तर आरपार कोपऱ्यातली खुर्ची दिसली! पार्सल आणणारा नानासो कपाळ पुसत उभा होता.

"मॅडम, तक्रार केलीसा तर माझी नोकरी गेली बघा."

नाथाजींनी नळी डोळ्याला लावून त्याला न्याहाळलं. "घाम का आलाय?"

"ऊन हाय, साहेब."

"उत्तर तयार हुतं! म्हंजे कट जुना हाय."

"पण काका, चिकटपट्टी जशीच्या तशी होती," अपूर्वा म्हणाली.

नाथाजी नळीने पाठ खाजवत विचारात पडले. मग चेहरा उजळला. "चित्र कसलं म्हणालीस?"

"अमूर्त."

"अमूर्त म्हंजे जे मूर्त न्हाई ते. कंपनीनं बरोबर तेच पाठवलंय!"

अपूर्वाचे डोळे भरून आले. दोन वर्षं ते चित्र तिच्या मनात होतं.

चंद्राबाईंनी नवऱ्याच्या हातून नळी काढून घेतली, आत दोन बोटं घातली आणि पीळ दिल्यासारखी फिरवली. "आवं, कागद आतनं पुठ्ठ्याला चिकटून बसलाय. गुंडाळलेलं कॅलेंडर असंच फुगतंय की."

चित्र सुर्रकन बाहेर आलं. टेबलावर काळे फटकारे, पिवळ्याचा भडका, तांबडे शिंतोडे पसरले.

"जतला एकदा वावटळीत गाडीसकट सापडलो हुतो," नानासो हळूच म्हणाला. "डोळ्यांपुढं असंच झालं हुतं."

"हेच!" अपूर्वा हसली. "मला कधी शब्दांत सांगता आलं नाही."

नाथाजींनी घसा खाकरला, टाचा जुळवल्या आणि नानासोला कडक सॅल्यूट ठोकला. हेल्मेट सावरत नानासोनेही ठोकला.

"त्ये झालं," चंद्राबाई म्हणाल्या. "आता तोंडानं बी बोला."

नाथाजींनी इकडंतिकडं पाहिलं. सुटकेला वाट नव्हती.

"चुकलं माझं, गड्या," ते पुटपुटले.

निवृत्त झाल्यापासून त्यांनी उजेडात आणलेलं हे पहिलंच सत्य होतं.