पाव्हण्यांचे गुडघे

आमच्या कांचनला माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत, चालीनं येतात. कांचन म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. गंगापूरकडचं शेतकरी घर. पोरगी डॉक्टर झाली आणि आता इथल्या एका मोठ्या दवाखान्यात हाडांची सर्जन होण्यासाठी शिकतेय. राहायला आमच्याकडं, पडेगावात. सकाळी गच्चीवरून रस्त्याकडं बघत म्हणते, "मामी, पातेलं आणा. खुबा आला." खुबा म्हणजे खुब्यातून लंगडत चालणारे आमचे दूधवाले. शेजारच्या काकू म्हणजे 'दोन्ही गुडघे'. मी कोण, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

ही बाळंतपणाची डॉक्टर होणार, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हाडाच्या कामाला ताकद लागते, ते पुरुषांचं काम, असं तिच्या वडिलांनी शेताच्या बांधावर बसून समजावलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, शेजारचा ऊस उपटला, गुडघ्यावर मोडला आणि अर्धा त्यांच्या हातात देऊन खायला सांगितला. विषय मिटला. मला तिनं वेगळं कारण सांगितलं.

"हाड सरळ असतं, मामा. मोडलंय का, तर मोडलंय. जोडायचं का, तर जोडायचं. माणसासारखं 'विचार करून कळवतो' म्हणत नाय."

ती आल्यापासून आमच्याकडं सुतार येत नाही. पडद्यांच्या दांड्या, देवघर, सगळं तिनंच ड्रिल मारून बसवलं. पण भिंतीत मजा नाही, हाडात आवाज कसा बदलत जातो, हेही सांगितलं. तेही जेवताना. मटण असलं की ताटातला सांधा फिरवून ती एवढं समजावून सांगायची, की बायकोनं रविवारी पिठलं सुरू केलं.

अशा मुलीला बघायला पैठणहून पाव्हणे आले. मुलगा वाळूजला कंपनीत, सोबत त्याची आई आणि आत्या. पोहे झाले. आत्याबाई जुन्या वळणाच्या. मुलीला जरा चालून दाखवायला सांगा, म्हणाल्या. मला घाम फुटला. पण कांचन काठापदराची साडी सावरत शांतपणे दारापर्यंत गेली, परत आली, बसली आणि मुलाला म्हणाली, "आता तुम्ही."

मुलगा हसला. ती हसली नाही. शेवटी बिचारा उठून कपाटापर्यंत गेला आणि आला.

"डावा घोटा," कांचन म्हणाली. "गाडीवरून पडलात ना? नीट दाखवलं नाय कुणाला."

घोट्याचं खरं होतं, आणि गाडीचं घरी कुणाला माहीत नव्हतं. आईनं 'कधी पडलास रे' म्हणून तिथंच सुरुवात केली. आत्याबाई भावाला फोन लावायला बाहेर गेल्या. या गोंधळात आई सोफ्याचा हात धरून उठायला लागल्या, आणि कांचननं त्यांना पुन्हा बसवलं. खाली फरशीवर बसून तिनं त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला, गुडघा चाचपला, गुडघ्याखाली उशी ठेवून कशी दाबायची ते शिकवलं. मुलाकडं परत बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा निरोप आला. त्यांना सून पाहिजे होती, फौजदार नाय.

कांचन खळखळून हसली आणि ड्युटीला गेली. त्यानंतर मात्र गच्चीवर जाऊन लोकांना नावं ठेवायचं काही दिवस बंद होतं.

मग एका दुपारी त्या मुलाची आई एकट्याच एसटीनं आल्या. हातात घरच्या तुपाचा डबा. कांचन रात्रपाळी करून नुकतीच आलेली, डोळे तांबारलेले.

"लग्नाचं त्यांचं त्यांनी बघितलं," बाई म्हणाल्या. "मी गुडघा दाखवायला आले."

कांचननं गुडघा बघितला. लई फरक आहे, म्हणाली.

"आता तुझे हात बघू."

प्लॅस्टर कालवून आणि सारखे धुऊन पोरीचे हात भेगाळले होते. माझ्या घरात राहते, पण माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. बाईंनी डबा उघडला, बोटावर तूप घेतलं आणि एकेका भेगेत हळूहळू जिरवायला लागल्या. कांचन काहीतरी विनोद करायला गेली, तो जांभईत विरला. थोड्या वेळानं तिची मान कलली. बसल्या बसल्या झोपली होती.

पैठणच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी आत डोकावलो. बाईंनी मान हलवूनच नाही म्हटलं, आणि दुसरा हात हातात घेतला.