वजनदार अर्ज

जळालेली डीपी (म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर) मराठी अर्जाने बदलत नाही, हे आता सर्वमान्य आहे. निलंगा तालुक्यातल्या सिद्धलिंगने तरीही तीन अर्ज मराठीत केले. (शुद्धलेखन निर्दोष होतं, संशय तिथेच आला असावा.) त्याची पिठाची गिरणी बंद पडली होती आणि गिऱ्हाईक दळणाचे डबे घेऊन शेजारच्या गावी जाऊ लागलं होतं.

"अर्जावर जरा वजन ठेवा की," वीज कार्यालयातले बाबू म्हणाले.

सिद्धलिंग सरळ माणूस. अर्जातले शब्द हलके पडले असं समजून त्याने लातूरला उच्च इंग्रजी शब्दसंपदा वर्गात नाव घातलं. रोज पंचवीस शब्द, बारा दिवसांत तीनशे. त्यातले दोनशे नव्वद जन्मात वापरावे लागत नाहीत. वर्गाचा लौकिक त्यावरच होता. तहान लागली तरी 'वॉटर' म्हणायला बंदी होती. हलका शब्द! सिद्धलिंग परतीच्या एसटीत ओठ हलवत पाठ करायचा, तेव्हा शेजारची बाई देवाचं काही असेल म्हणून सरकून बसायची.

चौथ्या अर्जात डीपी 'कॅटॅस्ट्रॉफिकली इनकॅपॅसिटेट' झाली आणि तिला 'एक्सपिडिशसली अ‍ॅमेलियोरेट' करण्याची विनंती झाली. साहेबांनी अर्ज उभं राहून वाचला. "लई भारी!" म्हणाले आणि अर्थनिश्चितीसाठी जिल्ह्याला पाठवला. वीस दिवसांनी शेरा आला : 'भाषा उत्कृष्ट. विषय कळवावा.'

त्या दिवशी सिद्धलिंग जेवला नाही. सकाळी त्याची आई कमलम्मा सूप आणि ज्वारीची पिशवी घेऊन कार्यालयात गेली आणि साहेबांच्या दारातच बसली.

"डीपी जळालीय. बसवा. तवर मी हितंच निवडते."

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवरून डीपी आली.

हा इंग्रजी अर्जाचाच परिणाम, असं गावाने एकमताने ठरवलं. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. खरं सांगावं म्हणून सिद्धलिंग माइकपाशी गेला, टाळ्या ऐकल्या आणि 'थँक्यू'वर खाली बसला. (हलका शब्द; पण प्रसंगच तसा होता.)

"तुझ्या इंग्रजीनं आली म्हणत्यात," घरी कमलम्मा म्हणाली.

सिद्धलिंगने मान खाली घातली. "म्हणत्यात, अव्वा."

"म्हणू दे. जा, गिरणी चालू कर. बाया खोळंबल्यात."

पुढच्या महिन्यात गावातल्या एकोणीस जणांनी त्या वर्गात नावं घातली. सूप घेऊन बसायला शिकवणारा वर्ग लातूर-नांदेडात अजून निघालेला नाही.

आपल्याला हसू आलं असेल, तर बेताने हसावं. आतल्या खोलीतून आपलं लेकरू विचारेल, "व्हॉट्स सो फनी, पप्पा?" आणि मग हे सगळं त्याला इंग्रजीतून सांगत बसावं लागेल.