सासरेबुवांच्या विमानावरचा डाग

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विमानं बांधण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या गावात नाही. खरी विमानं नव्हेत, प्लॅस्टिकची. खोक्यातून सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी दोन हातांत मावेल असं हुबेहूब विमान उभं करायचं. लोक याला खेळणं म्हणतात. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.

लोकांचं सोडा, आमच्या सासरेबुवांचं ऐका. ते विमानांचे मेकॅनिक. उभी नोकरी हँगरमध्ये, इंजिनात डोकं घालून काढलेली. दोन इंजिनांचं एक मालवाहू विमान वर्षानुवर्षं त्यांच्या ताब्यात होतं. त्याला ते अजून 'माझं विमान' म्हणतात, आणि इतक्या मायेने म्हणतात की सासूबाईंना त्या विमानाचा राग आहे. माझ्याबद्दलचं त्यांचं मत लग्नातच ठरलं. "मुलगा चांगला आहे, पण त्याला हात नाहीत." पुढे आमच्या मोरीतल्या नळाने या मताला बळकटी दिली. तो नळ मी दुरुस्त केला होता. खालच्या मजल्यावरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तेव्हा या वर्षी मी ठरवलं. सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आमच्या घरी होणार होता, त्यांचे हँगरमधले जुने सोबती येणार होते. त्या सगळ्यांदेखत त्यांचंच विमान, त्यांच्याच नंबरचं, त्यांच्या हातात ठेवायचं आणि त्यांच्या तोंडून एक शब्द काढून घ्यायचा, 'जमलं'. कौतुक म्हणून ते एवढंच बोलतात, आणि तेही आजवर फक्त इंजिनांना म्हणाले आहेत.

किट मागवलं. पण नुसत्या किटवर भागवतात ते नवशिके. मी कॉकपिटचे खास सुटे भाग मागवले. पितळेच्या पातळ पत्र्याचे सीटबेल्ट, डासाच्या पायाएवढे. चिमट्यात धरायचे आणि श्वास रोखून बसवायचे. शिंक आली की गेला बेल्ट गालिच्यात, मग रांगत शोधा. मी बरेच दिवस रांगत होतो.

"हे बेल्ट बाहेरून दिसणार आहेत का?" बायकोने एकदा माझ्या अंगावरून पलीकडे जाताना विचारलं.

"नाही. कॉकपिट बंद झालं की काही दिसत नाही."

"मग कशाला?"

"आत बेल्ट आहेत हे मला माहीत असतं ना."

"मलाही पुष्कळ काय काय माहीत असतं. मी पडते का अशी जमिनीवर?" असं म्हणून ती गेली. कलावंताच्या घरात हे चालायचंच.

किटनंतर पुस्तकं. त्या जातीच्या विमानावरची जेवढी मिळाली तेवढी जमवली. एका पुस्तकात तर नुसते रिव्हेट होते, पानोपान रिव्हेट. आणि शेवटच्या पुस्तकात घबाड सापडलं. पानभर मोठा फोटो, धावपट्टीच्या कडेला उभं असलेलं विमान, शेपटीवर नंबर, आणि तो नंबर सासरेबुवांच्या विमानाचा! मी खुर्चीवरून उठून घरभर नाचलो. बायकोने दार लावून घेतलं.

त्या फोटोत डाव्या इंजिनाखालून तेलाचा एक काळा ओघळ निघून पंखाखालून पार मागपर्यंत गेला होता. मी म्हटलं, वा! तुम्हाला यातली गंमत कळायची नाही म्हणून सांगतो. नवशिक्याचं विमान चकचकीत असतं, म्हणून ते खेळणं दिसतं. खरा कारागीर विमान पूर्ण झालं की ते मळवायला बसतो. धुरकटपणा, चिखलाचे शिंतोडे, तेलाचे ओघळ. विमान जितकं पद्धतशीर घाण तितका कारागीर मोठा. तो ओघळ मी ऑइल पेंट आणि काजळी घालून, फोटो शेजारी ठेवून, भिंगातून बघत काढला. रुंदी तीच, वळण तेच. बायकोलाही दाखवला नाही. वरून तो पक्का करायला वार्निशचा हात द्यायचा तेवढा राहिला. तो वाढदिवसाच्या दिवशी देऊ म्हटलं, आणि तिथेच माझ्या घोड्याने पेंड खाल्ली.

त्या दिवशी मी सकाळी केक आणायला गेलो. सासूबाई मदतीला म्हणून आधीच आल्या होत्या. सासरेबुवा संध्याकाळी सोबत्यांना घेऊन येणार होते. मी परत आलो तर सासूबाई माझ्या खोलीतून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर येत होत्या, हातात ओला टूथब्रश.

"किती सुंदर केलंय हो विमान तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण केवढं मळलं होतं. मी साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून ठेवलंय."

मी केक तसाच बुटांच्या कपाटावर ठेवला आणि आत धावलो. विमान टेबलावर लखलखत होतं. ओघळ नाही, काजळी नाही, एक शिंतोडा नाही. दुकानातल्या खेळण्यासारखं निरागस दिसत होतं. आणि नाकाजवळची वेग मोजायची नळी, जी सुईएवढी बारीक असते आणि जिच्यावाचून विमान ओळखू येत नाही, तीही गायब.

"आई, इथे एक नळी होती."

"ती तार? ती बाहेर आली होती ना, कोणाच्या डोळ्यात जाईल म्हणून काढली. केरात टाकली."

सासूबाईंवर ओरडता येत नाही, ही जावयाच्या जन्माची मोठी अडचण आहे. मी "बरं केलंत" असं म्हणालो आणि केराची बादली बाल्कनीत नेऊन उपडी केली. दुपार टळल्यावर बायको आली तेव्हाही मी कांद्याच्या सालींमध्ये भिंग घेऊन बसलो होतो.

"माणसं यायची वेळ झालीये," ती म्हणाली.

"नळी सापडत नाहीये."

"पुन्हा नळ?"

"नळ नाही, नळी!"

तिने कपाळाला हात लावला आणि आंघोळीला गेली. नळी काही सापडली नाही. शेवटी सासूबाईंच्या पिशवीत शिवणाचा डबा असतो तो आठवला. त्या स्वयंपाकघरात आहेत असं बघून मी एक टाचणी लांबवली, डोकं छाटलं, रंग लावला आणि बसवली. मग ओघळ. तो मूळचा दोन दिवस वाळवला होता. आता बायकोचा हेअर ड्रायर घेतला. ती ओल्या केसांनी दाराबाहेर उभी राहून जे बोलत होती ते ड्रायरच्या आवाजात ऐकू आलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं. घाईत ओघळ फोटोपेक्षा जरा जास्तच झाला. फोटोत इंजिन गळत होतं, माझ्याकडे ते फुटलं होतं. वार्निशला तर वेळच नव्हता. ओघळ ओलाच राहिला. घरभर टर्पेंटाइनचा वास सुटला, आणि खाणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे केकलाही.

पाहुणे आले. सासरेबुवांबरोबर त्यांचे दोन-तीन सोबती होते, त्यांत पानाकाका. नोकरीभर खिशात पाना बाळगला म्हणून हे नाव पडलं. केक कापून झाल्यावर मी विमान आणून सासरेबुवांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी चष्मा पुसला. विमान शेपटीकडून बघितलं, नाकाकडून बघितलं. पंखाचा कोन बघितला. प्रोपेलर बोटाने हलकेच फिरवला.

"नंबर बरोबर," ते म्हणाले. "कोन बरोबर. चाकांची दारंसुद्धा बरोबर उघडली आहेत."

पानाकाका मला म्हणाले, "अरे, तुझं विमान पास होतंय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासरेबुवांचे ओठ 'ज' म्हणायला उघडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तेवढ्यात त्यांनी विमान डावीकडे वळवलं.

"हे काय आहे?"

"तेल, बाबा."

"कसलं तेल?"

"इंजिनातून गळलेलं."

सासरेबुवांनी चष्मा काढला. "माझं विमान कधी गळलं नाही."

आता कोणत्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? 'चुकलं, बाबा' म्हटलं असतं आणि सगळ्यांना कॉफी विचारली असती. मी आत गेलो आणि पुस्तक घेऊन आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि वर भिंगही दिलं, नीट दिसावं म्हणून.

"बघा. नंबर तोच. ओघळ तोच. मी कल्पनेने काही करत नाही."

सासरेबुवा बघत राहिले. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "ही माझ्या रजेतली गोष्ट असेल," ते म्हणाले.

भिंग पानाकाकांनी घेतलं. "रजेतली कशी? हा पंखाखाली शिडीवर उभा आहे तो कोण? हे सुपाएवढे कान कोणाचे?"

भिंग हातोहात फिरलं. कान सासरेबुवांचेच होते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एक सोबती म्हणाला, "सगळ्या हँगरला स्वच्छतेवर भाषणं देत होतास, आणि हे पुस्तकात छापून आलंय होय?" सगळे खो खो हसले. बायको माझ्याकडे बघत होती.

"मी पुसायलाच चढलो होतो!" सासरेबुवा गरजले. हशा थांबला. "तेल अडवणारं सील त्याच सकाळी गेलं होतं. हातात फडकं आहे, दिसत नाही का? त्या फोटोवाल्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब, एवढं पुसू दे. थांबला नाही गाढव. एवढ्या वर्षांत कोणाला दिसलं नाही म्हणून मी निवांत होतो." मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि तुम्ही शोधून शोधून नेमकं तेच घडवलंत."

बाबांना दुखवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी पुस्तक मिटलं.

सासूबाई प्लेट्स आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "मी सकाळीच पुसून ठेवलं होतं हो. यांनीच परत लावलं."

सासरेबुवांनी सासूबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं त्यांनी बहुधा फक्त त्या विमानाकडेच पाहिलं असावं. "तू पुसलं होतंस?"

"मग? तुमच्या विमानावर डाग कसा राहू देईन?"

"फडकं आण," ते म्हणाले.

सासूबाईंनी फडकं आणलं, साबणाचं पाणी आणलं. पानाकाकांनी शेपूट धरली. सासरेबुवांनी बाह्या वर केल्या आणि माझा ओघळ इंजिनापासून मागपर्यंत एका हाताने, सावकाश, पुसून काढला. ओलाच होता, सहज निघाला. मग विमान दिव्याखाली धरून बघितलं.

"आता जमलं," ते म्हणाले. सासूबाईंना.

मी रिकाम्या कपबशा उचलायला लागलो. तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. बोट विमानाच्या नाकावर होतं.

"ही नळी कोणी बसवली?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी भिंगातून ती पुन्हा पाहिली. "बाकी सगळं पुस्तकी आहे. ही मात्र अस्सल आहे. जाडी, धार, सगळं बरोबर. हात आहेत म्हणायचे तुम्हाला."

पानाकाकांनी माझी पाठ थोपटली. बायकोच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदाच हसू आलं. सासूबाईंनी पुढे वाकून नळी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि प्लेट्स घेऊन आत गेल्या. मीही मागोमाग गेलो.

"आई, ते..."

"राहू दे ती टाचणी," त्या नळ सोडत म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी मागून घ्या. आणि हा नळ गळतोय, त्याला तेवढा हात लावू नका."