दगडोबाच्या बापासाठी दोन पानं

“नागाबाई, एक काम कर माय. आपल्या दगडोबाला बाप मिळवून दे!”

सासूबाई अयोध्याबाई जाताना एवढंच सांगून गेल्या. दुसऱ्या एखाद्या सासूनं कपाटाच्या किल्ल्या दिल्या असत्या, पाटल्या दिल्या असत्या. नागाबाईंच्या वाट्याला आला एक बिनबापाचा म्हातारा, आणि तोही कितीतरी पिढ्यांखाली वारलेला!

दगडोबा म्हणजे या घराचा मूळपुरुष. मुखेडजवळच्या या वाडीत पहिलं घर त्याचं. कुठून तरी एकटाच आला, ओढ्याकाठच्या दगडावर टेकला आणि पुन्हा उठलाच नाही, म्हणून दगडोबा. पुढं त्याची वाडी झाली, आडनावही वाडीवरनंच पडलं. सगळं कसं छान! पण दरसाल पितरांना पाणी देताना गाडी दगडोबापाशी येऊन अडायची.

“दगडोबांचे वडील?” महाराज विचारायचे.

घरातले सगळे आढ्याकडं बघायचे. शेवटी महाराजच पळीभर पाणी सोडायचे, “जे कोणी असतील ते!”

हे ‘जे कोणी असतील ते’ अयोध्याबाईंना फार लागायचं. एवढ्या मोठ्या घराण्याचा बाप, आणि त्याला पाणी द्यायचं ते वाटसरूला दिल्यासारखं!

नागाबाईंनी हे काम अंगावर घेतलं. तशा त्या अगदी गरीब. आवाज इतका हळू, की ओसरीवरची कोंबडी हाकलली तरी कोंबडीला वाटायचं आपल्याला बसायला सांगितलं. सोमवार धरायच्या, गुरुवार धरायच्या, चतुर्थी, एकादशी, प्रदोष. उरलेल्या दिवशी जेवायच्या, तेही देवाची परवानगी काढून. नागाबाईंना कशाचाही गर्व नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना थोडा गर्व होता.

त्यात यंदा घरात लगीनघाई. लेक गीतांजली लातूरला कॉलेजात शिकवायची. तिचं लातूरजवळच्याच मुरुडच्या अंगदशी जमलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. आडनाव वेगळं, देवक वेगळं, सगळं बघून, विचारून, खात्री करून ठरलेलं. साखरपुडा मुरुडला झाला आणि तिथंच नागाबाईंच्या हाती धागा लागला.

झालं असं, की पंगतीत अंगदची आजी केवळाबाई त्यांच्या शेजारी बसली होती. म्हातारी बोलायला लागली की एसटी बरी. एसटी निदान स्टँडवर तरी थांबते. तिनं मुरुडातल्या कुण्या केरोबाची गोष्ट काढली. केरोबाचं पोरगं एकदा भावजयीच्या बोलण्यावरून रागावलं आणि भरल्या ताटावरून उठून घर सोडून निघून गेलं...

“निघून गेलं?” नागाबाई म्हणाल्या, आणि त्याही भरल्या ताटावरून उठल्या! थेट नवऱ्याला गाठलं. “अवो, सापडला! दगडोबाचा बाप सापडला!”

“हळू बोल,” देविदासराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच नागाबाईंना कुणी हळू बोलायला सांगितलं असेल.

पण घरी आल्यावर दुसरा दावेदार निघाला. शिरूर अनंतपाळचे एक पाहुणे म्हणाले, “आमच्या ग्यानोबाचं पोरगंबी असंच गेलं होतं की!” झालं! इतकी वर्षं दगडोबाला एक बाप मिळत नव्हता, आता दोन दोन झाले.

नागाबाई मात्र डगमगल्या नाहीत. “सर्वपित्रीला निकाल लावते,” त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. “ज्यांची तिथी ठाऊक न्हाई त्यांचा तो दिवस. दोन पानं ठेवते, एक शिरूरच्या नावानं, एक मुरुडच्या. कावळा ज्या पानाला शिवंल, तो बाप! अन् लग्नाच्या पत्रिकेत सगळ्यांत वर त्याचंच नाव.”

“कावळा सांगणार?” गीतांजलीनं विचारलं. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.

“मंग काय तुझ्या कॉलेजातल्या रक्त तपासायच्या मशीनला विचारू?” नागाबाई म्हणाल्या.

सर्वपित्री अमावास्येला नागाबाईंनी भल्या सकाळी आंघोळ करून पत्र्यावर दोन पत्रावळी मांडल्या. भात, कढी, गवारीची भाजी, खीर, वडा. दोन्हीकडं सारखं. शिरूरवाल्यांनी उद्या म्हणायला नको, की मुरुडला वडा मोठा होता! मग हात जोडून सगळे अंगणात उभे राहिले.

कावळा आला. त्यानं शिरूरच्या पानाकडं एका डोळ्यानं बघितलं, मुरुडच्या पानाकडं दुसऱ्या. मतदानाला आलेल्या म्हाताऱ्यासारखा चांगला वेळ लावला. आणि टुणकन उडी मारून मुरुडचा वडा उचलून लिंबावर जाऊन बसला!

“मुरुड!” नागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाई, वारा आला म्हणून तो तिकडं सरकला,” धाकटी जाऊ शिल्पा म्हणाली.

“शिल्पा, पितरांच्या कामात वारा आणू नको.”

लगेच मुरुडला फोन गेला. केवळाबाईंनीच उचलला.

“मावशी, तुमच्या गावातल्या त्या केरोबाच्या घरचं आता कोण हाय वो? आमचा दगडोबा त्यांचाच निघाला! कावळ्यानं सांगितलं.”

पलीकडं आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग केवळाबाई म्हणाल्या, “आता तुमच्यापासून काय लपवायचं नागाबाई! ते आमचेच की. अंगदच्या आज्याचे पूर्वज. पण घरातलं पोरगं रागानं निघून गेलं, हे साखरपुड्याच्या पंगतीत कसं सांगावं? म्हणून गावावर घातलं.”

“म्हणजे आपण एका घरच्या!”

“एका रक्ताच्या!”

दोघी फोनवर आनंदानं रडल्या. शिल्पाही रडली, तिला नीट कळलं नव्हतं, पण जावेला एकटं कसं रडू द्यायचं?

डोळे पुसून झाल्यावर केवळाबाई म्हणाल्या, “मंग नागाबाई, एक सांगू का? तुम्हालाबी सुतक लागलं की! आमचे चुलत सासरे परवाच गेले.”

दुसऱ्या दिवशी घट बसणार! लग्न होऊन आल्यापासून त्यांचा घट कधी चुकला नव्हता. पण नियम म्हणजे नियम. भावकी पाहिजे म्हणायचं आणि भावकीचं सुतक नको म्हणायचं, असं कसं चालेल? त्यांनी मुकाट्यानं पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं, देव्हाऱ्यावर पडदा ओढला आणि उंबऱ्यात बसून हुंदके द्यायला लागल्या.

तेवढ्यात देविदासराव शेतातून आले.

“काय झालं?”

“सुतक आलं. मुरुडचं.”

“मुरुडचं सुतक आपल्याला कशाला?”

“आपण एक भावकी निघालो न्हवं!”

देविदासरावांनी पायावर पाणी घेतलं. माणूस कमी बोलणारा, पण एकदा हिशोबाला बसला की बाकी काढूनच उठायचा.

“म्हणजे अंगदचं अन् आपलं सुतक एक.”

“हाव.”

“म्हणजे रक्त एक.”

“हाव की!”

“मंग अंगद आपल्या गीताचा कोण लागला?”

नागाबाईंनी पुन्हा ‘हाव’ म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

दारात गीतांजली उभी होती. “माय!” ती ओरडली. “दगडोबाला बाप मिळाला अन् माझा नवरा गेला!”

लिंबावरचा कावळा मात्र निवांत वडा खात होता.

“अगं, पण...”

“पण काय? एका स्थळाला मी लई शिकलेली वाटले, एकाला लई काळी वाटले, एकानं तर माझ्याशी न बोलता माझ्या पगाराशीच बोलणी केली! हा एक माणूस मला विचारतो, ‘गीता, तुला काय वाटतं?’ अन् तू मला त्याला राखी बांधायला लावून राहिलीस!”

गीतांजली आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. नागाबाईंना वाटलं, ती आपल्या काळजालाच लागली.

“कावळ्याला परत विचारू का?” त्यांनी हळूच म्हटलं.

“त्याचं जेवण झालं,” देविदासराव म्हणाले.

“शिरूरचं पान तसंच हाय की! दुसरा एखादा आला तर...”

शिल्पानं पत्र्याकडं बघितलं. “बाई, ते मांजरानं खाल्लं.”

“मांजर चालत न्हाई,” नागाबाई म्हणाल्या आणि डोक्याला हात लावून बसल्या.

देवाला साकडं घालावं, तर सुतक! सुतक नाही म्हणावं, तर कावळा खोटा! कावळा खोटा म्हणावं, तर पितर उपाशी! आणि पितर तृप्त झाले म्हणावं, तर लेक आतून कडी लावून बसलेली! एवढे उपास केले, एवढी व्रतं केली, पण असल्या फेऱ्यातून सुटायचं व्रत काही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपण मोठ्या तोऱ्यात वंश शोधायला निघालो आणि पुढचा वंशच बुडवून बसलो, हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि तशातही त्यांना थोडं हसू आलं. ते त्यांनी पदरात दाबलं.

मग उठून त्या गीतांजलीच्या दाराशी गेल्या.

“गीता, दार उघड माय. चुकलं माझं.”

कडी निघाली. रडून डोळे लाल झालेले.

“शपथ घे.”

नागाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझ्यावर अक्षता पडेपर्यंत दगडोबाच्या बापाचा विषय काढणार न्हाई. अन् दुसऱ्या कुणी काढला, तर मी तिथं थांबणार न्हाई.”

“पण आता काय उपेग?” गीतांजली म्हणाली. “मुरुडला तर कळलं ना!”

आणि फोन वाजला. मुरुडचाच! देविदासरावांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला आणि फोन नागाबाईंच्या हातात दिला.

“नागाबाई!” केवळाबाईंचा आवाज घरभर झाला. “इथं तर गोंधळ! अंगद जेवायला उठंना, त्याची माय माझ्याशी बोलंना. पण त्या दिवशी तुम्ही गोष्ट पुरती ऐकलीच कुठं? पोरगं निघून गेलं म्हटलं की तुम्ही पानावरून पसार! अवो, ते पोरगं परत आलं!”

“आलं?”

“आलं की! भूक लागली म्हणून आलं, त्याच भावजयीच्या हातचं जेवलं अन् जन्मभर मुरुडातच राहिलं. आम्ही सगळे त्याचेच! तुमचा दगडोबा दुसराच कोणी असंल. जे कोणी असतील ते!”

शिल्पानं टाळी वाजवली. देविदासराव म्हणाले, “बघा! रक्त वेगळं, सुतक वेगळं!” आणि स्वतः जाऊन देव्हाऱ्याचा पडदा बाजूला केला. गीतांजली हसायला लागली, हसता हसता पुन्हा रडली आणि आईच्या गळ्यात पडली. नागाबाईंना तर हलकं हलकं वाटलं, जसं काही सोळा सोमवार एकदम पुरे झाले. घट बसणार! लग्न होणार!

फोन मात्र चालूच होता. केवळाबाई एकदा सुटल्या की सुटल्याच.

“हां, पण त्याचा एक धाकटा भाऊ होता बघा,” फोनमधून आवाज आला. “तो मात्र गेला तो गेलाच! कुठं तरी मुखेडच्या अंगालाच गेला म्हणतात. एकटाच. त्याचं नाव बघा...”

देविदासराव लिंबाकडं बघायला लागले. गीतांजलीनं आईकडं बघितलं.

प्रश्न नागाबाईंच्या अगदी दातांपर्यंत आला होता. त्यांनी ओठ मिटून घेतले. फोन हळूच देविदासरावांच्या हातात दिला. कोपऱ्यातलं टोपलं उचललं, त्यात खुरपं टाकलं. उद्याच्या घटाला शेतातली काळी माती लागणारच होती.

“नागाबाई? ऐकून राहिल्या न्हवं?” मागून केवळाबाई विचारत होत्या.

नागाबाईंनी पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला आणि मागं न बघता शेताची वाट धरली.