हंबीररावांच्या मिशांचा रंग

धारला पुतणीचं लग्न होतं आणि देवासला हंबीररावांच्या मिशा पांढऱ्या होत्या. ही बाब घराण्याच्या इभ्रतीस बाधक असल्याने त्यांनी केस आणि मिशा एकाच बैठकीत काळ्या केल्या. पाकिटावर 'आधी थोडा लावून पाहावा' अशी सूचना होती. पण आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सूचना इतरांसाठी असतात हे ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी ओठावर खाज सुटली. "अहो, डॉक्टरांना दाखवा," पत्नी भवानीबाई म्हणाल्या. सूचना घरातलीच असल्याने तिच्यावर कार्यवाही झाली नाही. शेजारचे विक्रमसिंह बाहेरचे, म्हणजे तज्ज्ञ. "भिया, गर्मी निकल री है. नींबू लगाओ!"

लिंबू लावताच हंबीरराव अंगणभर नाचले.

"देखा? असर कर रिया है!"

मग ओठ सुजला, कपाळावर पाण्याचे फोड आले, ते फुटून चिघळले. बदनावर गावच्या मेहुण्यांनी आपलं गजकर्ण जिने बरं झालं त्या ट्यूबचा फोटो पाठवला. मेहुण्यांचा मान राखण्यासाठी तीही लावली. पापण्या जड झाल्या.

"आता तरी चला," भवानीबाई काकुळतीला आल्या.

"लग्न आटपू दे. लोक काय म्हणतील?"

लग्नाच्या सकाळी डोळे जेमतेम किलकिले होत होते. तरी ते फेटा बांधून वरपक्षाच्या स्वागताला उभे राहिले आणि व्याह्यांचा हार त्यांनी मोठ्या आदराने बँडवाल्याच्या गळ्यात घातला. भवानीबाईंनी भर मांडवात त्यांचा दंड धरला आणि थेट दवाखाना गाठला.

"रंगाची ॲलर्जी," डॉक्टर ईशानी म्हणाल्या. "खाज सुटली तेव्हाच धुऊन यायचं होतं. फोड आले, डोळे सुजले, की थांबायचं नाही. श्वास अडकला तर सरळ इमर्जन्सीत."

"डोळे... राहतील ना?" हंबीररावांचा आवाज प्रथमच लहान झाला. भवानीबाईंचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"राहतील. पण रंग पुन्हा कधीच नाही."

औषध घेऊन ते मांडवात परतले, तेव्हा पंगत उठत होती. पाहुण्यांनी गराडा घातला. हंबीररावांनी घसा खाकरला आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगायला तोंड उघडलं.

"ते जाऊ द्या हो काका," एक जावईबापू पुढे सरसावले. "पण काळा काय नॅचरल आलाय! कोणता रंग?"

सगळे कान टवकारले गेले. काहींनी तर मोबाइल काढले.

त्या रंगाचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही. वाचकहो, तुम्हीही तेच विचारणार होतात.